डिक्रीत नाही तो खर्च घराच्या मालकानं का भरायचा?

वडगावचा माग
काल या ग्रुपवर एकानं मला लिहिलं, "कर्ज घेताना गोड, कोर्टखर्च भरताना कडू. घर आहे ना नावावर? विका आणि मोकळे व्हा." रात्री झोप लागली नाही, म्हणून सगळंच लिहितो.

बेळगावच्या वडगावात आमचं घर. खाली दोन माग, वर आम्ही. जून 2017 ला मी एकाकडून 3 लाख घेतले, 12 टक्क्यांनी, प्रॉमिसरी नोट लिहून. नंतर साडीचा उठाव बसला, देणं थांबलं. जून 2019 ला त्यानं दावा घातला. आम्ही कोर्टात गेलोच नाही आणि 2021 ला एकतर्फी डिक्री, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा हुकूम, झाली. चूक आमची, त्याबद्दल भांडत नाही.

डिक्री अशी : मुद्दल 3,00,000, दाव्यापर्यंतचं व्याज 72,000, दाव्यापासून पैसे फिटेपर्यंत मुद्दलावर 6 टक्के, दाव्याचा खर्च 28,540. जून 2024 ला दरखास्त, म्हणजे घर जप्त करून वसुलीचा अर्ज, लागली तेव्हाचा हिशेब मी मांडला, तो 4,90,540 येतो. समोरच्यानं मागितले 5,70,140! त्यात 58,000 'वकील फी, प्रवास व इतर कायदेशीर खर्च', आणि 72,000 च्या व्याजावर पुन्हा व्याज 21,600. हे डिक्रीत कुठं आहे? देणं बुडवायचं नाही मला. पण कागदावर नाही ते का देऊ?

मास्तरांचा पोरगा
'विका आणि मोकळे व्हा' मीच लिहिलं होतं. शब्द मागे घेत नाही.

माझे वडील शाळामास्तर. निवृत्तीच्या पैशातले 4 लाख मित्राला दिले, मित्रच तो, कागद कसला. 7 वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. वकिलाला 90 हजार गेले, डिक्रीत वकील फी धरली 12 हजार. वरचे 78 हजार कुणी द्यायचे? माझ्या बापानं? ज्यानं बुडवलं त्याचं दुमजली घर आहे, आम्ही अजून भाड्यानं राहतो. तुम्हाला घरवाल्याची दया येते, पैसेवाल्याची येत नाही, कारण 'सावकार' म्हटलं की तो वाईटच, असं ठरलंय आपलं.

कोर्टाची पायरी
काळा कोट घालतो, म्हणून बोलतो. वसुली करणारं कोर्ट डिक्रीच्या पलीकडं जात नाही. डिक्रीच्या शेवटी खर्चाचा तक्ता असतो : कोर्ट फी स्टॅम्प, समन्स बजावण्याची प्रोसेस फी, नियमानं ठरलेली वकील फी. त्यातलंच वसूल होतं. दरखास्तीचा पुढचा खर्च, म्हणजे बेलिफचा भत्ता, लिलावाची जाहिरात, हे कोर्टानं मंजूर केलं तर वर चढतं. समोरच्यानं आपल्या वहीत 58 हजार लिहिले म्हणून ते देणं होत नाही. व्याजावरच्या व्याजाचंही तेच. डिक्रीत 'मुद्दलावर' लिहिलंय ना? मग 72,000 वर धरता येत नाही. बँकेच्या कर्जाची गोष्ट वेगळी, इथं काढू नका.

मास्तरांच्या पोराची तक्रार मात्र खोटी नाही. 2005 च्या सेलम बारच्या (वकील संघटनेच्या) निकालात सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलंय की खर्च वास्तवाला धरून द्यावा. खालच्या कोर्टात अजून जुनेच आकडे चालतात. पण तो खर्च दाव्यातच मागायचा असतो, नंतर दरखास्तीत घुसडायचा नसतो.

जुना बेळगावकर
आम्ही 1956 पर्यंत मुंबई राज्यात होतो. इथं दामदुप्पट चालायचं. व्याज मुद्दलाच्या वर जाऊच शकत नाही! हे आजच्या वकिलांना शिकवत नाहीत वाटतं.

कोर्टाची पायरी
आजोबा, शिकवतात की. पण दावा दाखल झाला की दामदुप्पट थांबतं. आणि इथं व्याज दाव्याआधीचं 72 हजार आणि नंतरच्या 5 वर्षांचं 90 हजार मिळून 1,62,000, मुद्दल 3 लाख. दुप्पट कुठं झालंय?

जुना बेळगावकर
बरं. चष्मा घालून वाचायला हवं होतं.

निपाणीकर
मूळ रोगावर कुणी बोलेना. डिक्री एकतर्फी का झाली? समन्स कन्नडमध्ये! 3 लाखांचा दावा आहे हे घरच्यांना कळलंच नाही. कर्नाटकात घातल्याला 70 वर्षं झाली, मराठी माणसाला त्याच्या भाषेत समन्स मिळत नाही, आणि तुम्ही 58 हजार मोजत बसलाय.

मास्तरांचा पोरगा
आला सीमाप्रश्न. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून दिल्लीत पडून आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत 3 लाख फेडायचे नाहीत का?

निपाणीकर
तोंड सांभाळून. हुतात्मे झालेत या मातीत.

मास्तरांचा पोरगा
माझे आजोबा तुरुंगात गेलेत त्या आंदोलनात, मला शिकवू नका. हुतात्म्यांनी उसने पैसे बुडवा म्हणून सांगितलं नव्हतं.

खानापूर-जांबोटी
गडहिंग्लजला माझ्या मेव्हण्याला शुद्ध मराठीत नोटीस आली. त्यात 'निर्णीत ऋणको'. त्यानं फोन करून विचारलं, "दाजी, ऋणको म्हणजे मी की तो?" कोर्टाची मराठी वाचून बघा एकदा, मग कन्नडवर बोला.

निपाणीकर
ऋणको कुणाला तरी विचारता येतो. गोल गोल अक्षरं कुणाला विचारू?

खानापूर-जांबोटी
शेजाऱ्याला! 40 वर्षं निपाणीत राहून बसची पाटी वाचता येईना, त्यात सरकारचा काय दोष?

निपाणीकर
तुम्ही लाचार झालाय म्हणून सगळ्यांनी व्हायचं? 2025 ला कोल्हापुरात हायकोर्टाचं बेंच आलं, आणि आम्ही अपिलाला अजून धारवाडला धावायचं.

खानापूर-जांबोटी
धारवाड बेळगावपासून 80 किलोमीटर. 2008 च्या आधी बेंगळूर होतं, विसरलासा वाटतं.

वडगावचा माग
भांडू नका. समन्स कन्नडमध्ये होतं, खरंय. आईनं सही करून घेतलं, लाईट बिलाचं काहीतरी असेल म्हणून देव्हाऱ्यात फोटोमागं ठेवलं. पण माझा भाचा कन्नड शाळेत जातो, वरच्याच खोलीत असतो. दिवाळीला साफसफाईत कागद मिळाला तेव्हा त्यानं एका दमात वाचून दाखवला. निपाणीकर, राग तुमचा पटतो. पण त्याला आधीच विचारलं असतं तर?

निपाणीकर
हे आधी सांगायचं होतं. उगाच माझं बीपी वाढवलं.

खानापूर-जांबोटी
घर जप्त कसं होतं पण? शेतकऱ्याचं राहतं घर जप्तीत घेता येत नाही ना?

कोर्टाची पायरी
दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60. शेतकरी, मजूर, घरगडी यांचं राहतं घर. स्वतःचे माग चालवणाऱ्याला 'मजूर' म्हणून कोर्टासमोर उभं करणं अवघड आहे. त्यावर विसंबू नका.

आणि हे खरं महत्त्वाचं, नीट वाचा. लिलावाचा जाहीरनामा निघतो त्यात किती रकमेसाठी विक्री हे लिहितात. घराचा भाग विकून भागत असेल तर अख्खं घर काढता येत नाही. आणि समजा विकलंच, तरी 60 दिवसांत खरेदीदाराला त्याच्या रकमेच्या 5 टक्के आणि जाहीरनाम्यातली रक्कम भरून घर सोडवता येतं. जाहीरनाम्यातली म्हणतोय मी. त्यात 5,70,140 छापून आले की घर सोडवायला तेवढेच मोजावे लागतील, मग तुमचा हिशेब कितीही बरोबर असो. म्हणून त्याच संहितेच्या कलम 47 ची, म्हणजे वसुलीच्या रकमेवरची हरकत जाहीरनामा निघायच्या आत घाला. डिक्रीची नक्कल जोडा, दोन रकान्यांत हिशेब मांडा. भावनिक अर्ज नको.

मास्तरांचा पोरगा
म्हणजे बुडवणाऱ्याला सगळ्या पळवाटा, आणि उसने देणाऱ्याला तारखा. आमच्या 78 हजारांवर असा एकही नियम सांगितला नाहीत, साहेब.

कोर्टाची पायरी
सांगितलं की. दाव्यातच मागायला हवे होते. तुमच्या वकिलानं मागितले होते का?

मास्तरांचा पोरगा
…नाही. 'ते मिळत नाहीत' म्हणाला, आणि पुढच्या तारखेची फी घेतली.

जुना बेळगावकर
हे मात्र 1956 पासून तसंच आहे.

मास्तरांचा पोरगा
ठीक आहे. 58 हजार काढा, 21,600 पण काढा, खुश? वडगाववाले, 4,90,540 तर देणार ना? आणि जूनच्या पुढचं व्याज धरलंत का हिशेबात? मुद्दलावर महिन्याला 1,500 चढतंय.

वडगावचा माग
धरलंय. एक माग विकून दीड लाख कोर्टात भरतोय, बाकीचे हप्ते मागितलेत. डिक्रीनंतर हप्ते पाहिजेत तर समोरच्याची संमती लागते, आणि तो म्हणतो आधी 58 हजार कबूल कर. सोमवारी तारीख आहे. नक्कल काल मिळाली, पान 3 वर तक्ता आहे, 28,540 च आहे.