निर्णयसागरी वळणाचा फॉन्ट सुचवा (आरत्या-अभंगांच्या पुस्तकासाठी)

चैत्रपालवी: आजोबांची आरत्या, अभंग आणि स्तोत्रांची वही घरच्यांसाठी पुस्तकरूपात छापतेय. त्यांच्या कपाटातल्या निर्णयसागर छापखान्याच्या पोथ्यांसारखं भरदार अक्षर हवंय. मंगल लावून पाहिला, कागदावर फार कोरडा दिसतो. युनिकोड आणि मोफत असेल तर बरं.

बोरू: मंगल र. कृ. जोशींनी विंडोजसाठी केला. पडद्यावर तो नीट वाचता येतो, पण तुम्ही म्हणताय ते वळण बोरूचं, म्हणजे बोरूच्या लेखणीचं आहे. टोक तिरपं छाटलेलं असल्यामुळे एक रेघ जाड, दुसरी बारीक येते. निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली छपाईच्या खिळ्यांचं काम शिकले. पुढे १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री (खिळे ओतण्याचा कारखाना) आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरूंनी कोरलेल्या ठशांमध्ये बोरूची ती जाड-बारीक लय पोलादात उतरली. ही कारागिरी आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आजच्या फॉन्टांत माझ्या डोळ्यांना त्याच्या सर्वांत जवळचा वाटतो टिरो देवनागरी मराठी. मूर्ती क्लासिकल लायब्ररी या भारतीय अभिजात ग्रंथमालेच्या पुस्तकांसाठी केलेल्या अक्षरांवरून तो आलाय, म्हणजे मुळात पुस्तकाचाच. हिंदी आणि संस्कृतच्या आवृत्त्या वेगळ्या आहेत. चुकून हिंदी घेतलीत तर ल आणि श परके दिसतील.

जोडाक्षर: स्तोत्रं असतील तर आयआयटी मुंबईचा शोभिकाही पाहा. त्याची देवनागरी यशोमुद्रा या फॉन्टवर आधारलेली आहे. संस्कृतची अवघड जोडाक्षरं न फुटता येतात. टिरोपेक्षा अंगाने जरा आधुनिक, पण अतिशय वाचनीय.

रेघोट्या: मुखपृष्ठासाठी 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा जैनी. १५०३ च्या सुमाराच्या कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या हस्तलिखितावरून घेतलाय. शीर्षकात देखणा दिसतो, आत मात्र लावू नका. यात्रा वन कुणी सुचवला तर नको म्हणा, तो मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून आलाय. पाटी म्हणून झकास, अभंगाला शोभणार नाही.

चैत्रपालवी: टिरो लावला, 'सुखकर्ता दुखहर्ता' पाहून आई लगेच म्हणाली, हेच! पण त्यात ठळक अक्षर सापडत नाही. आरत्यांची नावं कशी उठून दिसतील?

बोरू: टिरोत साधं आणि तिरपं एवढंच आहे. संगणकाकडून खोटं ठळक करून घेऊ नका, बारीक रेघा बुजतात. नावं चार-पाच पॉइंट मोठी करून मधोमध लावा, खाली मोकळी जागा सोडा. आणि छापायला देण्याआधी एक पान खऱ्या कागदावर, खऱ्या आकारात काढून आईंना चष्म्याशिवाय वाचायला द्या.