पतसंस्थेच्या सभासद यादीचा मथळा पुढच्या पानावर येईना
वर्डमध्ये यादीच्या टेबलाला ‘रिपीट हेडर रोज’ (मथळा दर पानावर परत दाखवायचं बटण) दाबूनही मथळा पहिल्याच पानावर राहतो म्हणताय, तर भाऊ, आधी टेबल प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट रॅपिंग, म्हणजे टेबलाभोवती मजकूर वाहू द्यायचा की नाही ते, बघा. तिथं ‘अराउंड’ असेल तर मथळा पुढं जायचाच नाही, ‘नन’ करा. टेबल माऊसनं ओढलं की वर्ड हे गुपचूप बदलतो, बहुतेक वेळा गोम इथंच असते.

दुसरं, शिवाजी पेठेची नावं संपून मंगळवार पेठ नव्या पानावर घ्यायला कंट्रोल-एंटर मारलाय काय? त्यानं टेबलाचे दोन तुकडे होतात, खालचा बिनमथळ्याचा. कंट्रोल-एंटरनं पडलेला तो पेज ब्रेक काढा.

मथळा दोन ओळींचा असेल तर पहिलीपासून दोन्ही निवडा, नुसती दुसरी चालत नाही. आणि पुढच्या पानांवरचा मथळा प्रिंट लेआउट व्ह्यूमध्येच दिसतो, ड्राफ्ट व्ह्यूमध्ये शोधत बसू नका.