फ्रेंच भाषकांना इंग्रजीतील सक्ती आणि मुभा शिकवताना फ्रेंचचा आधार घ्यावा का?

लियाँवासी

मी फ्रान्समधील लियाँ शहरात प्रौढांना इंग्रजी शिकवते. सक्ती आणि मुभा दाखवणारी सहायक क्रियापदे शिकवताना वर्गात फ्रेंचचे नावही काढू नये, हा आमच्याकडचा दंडक मला चुकीचा वाटतो. एकदा हॉटेलातील संभाषणाचा सराव चालू होता आणि ग्राहकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, असे चिठ्ठीवर लिहिले होते. वेटर झालेल्या विद्यार्थ्याने वाटीकडे बोट दाखवून अगदी कळकळीने सांगितले, 'यू डोन्ट हॅव टू ईट धिस सॉस.' हा सॉस खाऊ नका, असे त्याला म्हणायचे होते. प्रत्यक्षात अर्थ निघाला, खाल्लाच पाहिजे असे नाही.

ही चूक निष्काळजीपणाची नव्हती. फ्रेंचमध्ये 'इल फो' म्हणजे 'पाहिजे', पण 'इल न फो पा' म्हणजे 'गरज नाही' नव्हे, तर 'करू नये'. 'दव्वार', म्हणजे 'करावे लागणे', या क्रियापदाला नकार लावला तरी सहसा मनाईच होते. तेव्हा 'हॅव टू' म्हणजे 'दव्वार' असे ज्याने एकदा मनाशी धरले, त्याला 'डोन्ट हॅव टू' ही मनाईच वाटणार. म्हणून मी पहिल्याच तासाला फळ्यावर 'मस्टन्ट'समोर 'वू न दव्वे पा', म्हणजे 'तुम्ही करू नये', आणि 'डोन्ट हॅव टू'समोर 'वू नेत पा ओब्लिजे', म्हणजे 'तुमच्यावर बंधन नाही', असे लिहिते.

शब्दवेध

मी पूर्णपणे असहमत आहे. आपण ज्या समीकरणाला दोष देता, तसेच दुसरे समीकरण विद्यार्थ्याच्या हाती देत आहात. 'दव्वार' कुठल्याही तक्त्यात मावणारे क्रियापद नाही: 'ज द्वा' म्हणजे 'मला केले पाहिजे', 'ज दव्रे' म्हणजे 'मी करायला हवे', आणि 'जे द्यू पार्तीर' या एकाच वाक्याचा अर्थ संदर्भानुसार 'मला निघावे लागले' किंवा 'मी निघालो असणार' असा होतो. शिवाय पैसे देणे असण्यालाही हेच क्रियापद. 'मस्ट'ला भूतकाळी रूप नाही, हे अशा विद्यार्थ्याला तक्ता कसा सांगणार? त्याला प्रसंग द्यावेत. एका दारावर प्रवेशबंदीची पाटी आहे, दुसऱ्या दारावर काहीच नाही; दोन्ही दारांपुढे त्याला इंग्रजीतच बोलू द्यावे.

उपयोजक

मुळात 'मस्ट'पासून सुरुवात का करायची? भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी 1961 आणि 1990च्या दशकारंभीच्या लिखित इंग्रजीची तुलना केली, तेव्हा ब्रिटिश आणि अमेरिकी या दोन्ही प्रकारांत 'मस्ट'चा वापर ठळकपणे घटलेला आढळला. 'वू दव्वे सिन्ये इसी' हे कार्यालयातले साधे वाक्य 'यू मस्ट साइन हिअर' असे झाले की ते हुकमी वाटते; 'यू नीड टू साइन हिअर' म्हटले की ऐकणारा शांतपणे सही करतो. फ्रेंच वापरा अथवा वापरू नका, पण 'नीड टू' आधी शिकवा.

लियाँवासी

'नीड टू'ची सूचना मला पटली आणि पुढच्या तुकडीपासून मी तसा बदल करीन. 'जे द्यू पार्तीर' तक्त्यात बसत नाही, हेही मान्य. पण शब्दवेध, प्रसंग दिल्याने मनातले भाषांतर थांबते, हे मला मान्य नाही. ते फक्त शिक्षकाला दिसेनासे होते. सॉसचा प्रसंग तर अगदी स्पष्ट होता, तरीही चूक झालीच.

आपली मराठी पाहा. 'उद्या ऑफिसला जायला नको' यात सुटका आहे आणि 'तिथे जायला नको होते' यात चुकल्याची खंत आहे. 'नको' मात्र तेच. हे माझे मला उमगले, तेव्हापासून विद्यार्थ्यांची अडचण मला आतून कळू लागली आणि मी त्यांना त्यांच्याच भाषेतला हा दुहेरीपणा दाखवू लागले.

मुभेचेही तेच. 'जे प्यू पार्तीर तो', म्हणजे 'मला लवकर निघता आले', याचे ते सरळ 'आय कुड लीव्ह अर्ली' करतात. एखाद्याच प्रसंगी मिळालेल्या परवानगीसाठी तिथे 'आय वॉज अलाउड टू' हवे, आणि ही खोच फ्रेंच वाक्य शेजारी ठेवल्याशिवाय त्यांच्या लक्षात येत नाही.

शब्दवेध

भूतकाळातील परवानगीचा मुद्दा मी मान्य करतो. तिथे तुलना उपयोगी पडेल. परंतु ती चूक झाल्यावर करावी, आधी नव्हे. सॉसच्या वाक्यानंतर त्या विद्यार्थ्याला 'मग मी तो खाल्ला तर चालेल ना?' एवढेच इंग्रजीत विचारले असते, तर आपले वाक्य कुठे फसले ते त्याला तिथेच कळले असते.