मुखपृष्ठ नसलेला ‘अस्टाउंडिंग’: साल कसं काढायचं?

जीर्णपान: रद्दीतून घेतलेला अंक आहे. मुखपृष्ठ नाही, सुरुवातीची आणि शेवटची पानं गेलेली. विकणारा ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकन विज्ञानकथा मासिकाचा म्हणत होता, १९४२चा. आकार साधारण साडेआठ बाय अकरा इंच. खात्री कशी करू? आणि कोपरे तुटताहेत, लॅमिनेट करून घ्यावा का?

कागदकिडा: आधी पट्टी लावलीत हे उत्तम. जानेवारी १९३०च्या पहिल्या अंकापासून हे मासिक पल्प आकारात, म्हणजे अंदाजे सात बाय दहा इंच. मोठा आकार दोनदाच आला: जानेवारी १९४२ ते एप्रिल १९४३ (१६ अंक) आणि मार्च १९६३ ते मार्च १९६५ (२५ अंक). मधे युद्धातल्या कागदटंचाईमुळे नोव्हेंबर १९४३पासून ते डायजेस्ट, म्हणजे पल्पहूनही लहान आकाराचं झालं. दुसऱ्या खेपेला मोठ्या जाहिराती मिळतील असा हिशेब होता. त्या आल्या नाहीत, अंक पुन्हा लहान झाला.

संपादकीयावरून काही ठरवू नका, दोन्ही काळांत संपादक जॉन कॅम्पबेलच. वाचकपत्रांचं ‘ब्रास टॅक्स’ही दोन्हीकडे. ‘द रेफरन्स लायब्ररी’ हे पी. स्कायलर मिलरचं पुस्तक-परीक्षणाचं सदर शोधा. ते १९५१मध्ये सुरू झालं. सापडलं तर १९४२ बाद.

जीर्णपान: सापडलं! शिवाय ‘ड्यून वर्ल्ड’ नावाच्या कादंबरीचा तीनपैकी दुसरा भाग आहे.

कागदकिडा: मग शोध संपला. ती डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४ क्रमशः आली, तुमचा अंक जानेवारी १९६४चा. तेव्हा मासिकाचं नावही बदलून ‘ॲनालॉग’ झालं होतं. १९६०च्या काही अंकांत मुखपृष्ठावर जुनं नाव महिन्यागणिक फिकट होत नवं ठळक होत गेलं, त्यामुळे त्या वर्षीचे अंक विकणारे हमखास घोळ घालतात. क्रमशः कादंबरी नसेल तेव्हा कोणत्याही दोन कथांची नावं आयएसएफडीबीवर, म्हणजे विज्ञानकथांच्या ऑनलाइन सूचीवर टाकायची. एका कथेवर विसंबू नका, ती संग्रहांतही येते. ब्रिटिश आवृत्तीचंही ध्यानात असू द्या: १९३९ ते १९६३, मजकूर छाटलेला.

खिळेबंद: लॅमिनेशन अजिबात नको. स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन हे द्रव्य उरतं, त्यामुळे आम्ल तयार होतं, तेच पान तपकिरी आणि ठिसूळ करतं. प्लास्टिकखालीही ते चालूच राहतं, आणि उष्णतेने चिकटवलेलं पान परत सुटत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो.

सुटे तुकडे त्याच पानात ठेवा. अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा, आणि आडवा. पीव्हीसी टाळा. कोकणात-मुंबईत असाल तर जूनपूर्वी सिलिका जेल बदला आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. वाचताना अंक पूर्ण उघडू नका, पाठ आधी तिथेच तुटते.

जीर्णपान: १९४२चे पैसे मोजलेत मी. असो, पहिला आणि तिसरा भाग आता शोधावाच लागणार.