ड्यूटेरियम जड आहे हे मान्य, पण २०० पट?

अर्धा_इलेक्ट्रॉन:
एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन रेणूच्या टकरी हा विषय घेतला, तेव्हा वाटलं, सगळ्यात साधा रेणू, सुटले. कसलं काय!

सुमारे ३.७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन एच-टूवर (हायड्रोजनच्या रेणूवर) आला की क्षणभर रेणूत अडकतो. हाच तो रेझोनन्स. पुढे एकतर इलेक्ट्रॉन निसटतो, नाहीतर रेणू तुटून एक अणू आणि एक ऋण आयन हाती लागतो. शुल्झ आणि असुंडी यांनी १९६७ मध्ये दिलेले या तुटण्याचे काटछेद (म्हणजे घटनेची शक्यता, क्षेत्रफळात मोजलेली) असे: एच-टू १६०० बार्न, एच-डी (एक अणू साध्या हायड्रोजनचा, एक त्याच्या दुप्पट जड भावंडाचा, ड्यूटेरियमचा) १००, डी-टू (दोन्ही ड्यूटेरियमचे) फक्त ८. (बार्न हे अणुगर्भवाल्यांचं क्षेत्रफळाचं माप आहे, माहितीये. घातांक टाइप करायचा कंटाळा.)

अडचण ही की तिन्ही रेणूंत इलेक्ट्रॉन दोनच, विद्युतभार तेच, म्हणजे स्थितिज ऊर्जेचे वक्रही (अणूंमधल्या अंतरानुसार ऊर्जा कशी बदलते ते) जवळजवळ तेच. बदललं काय तर वस्तुमान, तेही दुप्पट. डी-टू हळू हलेल, पण √२ पटच ना? १.४ मधून २०० कुठून उगवले? सरांना विचारलं तर म्हणाले, "जड आहे म्हणून." हे उत्तर मी वर्गात दिलं तर मलाच हसू येईल.

क्ष_किरण:
शून्यबिंदू ऊर्जा (सगळ्यात खालच्या पातळीवरही रेणूत उरणारी कंपनाची ऊर्जा) बघितलीस का? डी-टूची कमी असते, म्हणून तोडायला जास्त ऊर्जा लागते. उंबरठाच वेगळा.

अर्धा_इलेक्ट्रॉन:
बघितली. उंबरठा एच-टूला ३.७२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, डी-टूला ३.८०. इलेक्ट्रॉनची ऊर्जा तेवढी वाढवली की झालं. ०.०८ साठी २०० पट नाही पटत.

जुना_निर्वातपंप:
√२ तुमचा बरोबरच आहे, फक्त तो घातांकात जाऊन बसलाय.

इलेक्ट्रॉन अडकतो तेव्हा दोन अणुगर्भांमधलं अंतर ०.७४ अँगस्ट्रॉमच्या आसपास असतं. तिथे हा ऋण आयन अतिशय अल्पायुषी, एक फेम्टोसेकंदही टिकत नाही. अंतर ताणून साधारण दुप्पट झालं, की मग इलेक्ट्रॉनला निसटायला वाटच उरत नाही, आयन स्थिर होतो. म्हणजे शर्यत आहे: अणुगर्भांनी तिथवर पोचायचं, तोवर इलेक्ट्रॉनने थांबायचं. आणि एच-टूच्या एका कंपनालाच सुमारे ८ फेम्टोसेकंद लागतात, तेव्हा शर्यत कोण हरणार हे उघड आहे.

छापा-काटा समजा. वाटेत दर टप्प्याला नाणं उडतं, काटा पडला की इलेक्ट्रॉन पळाला. एच-टूला सलग १८ छापे लागत असतील तर √२ पट वेळ घेणाऱ्या डी-टूला २५-२६. जास्तीच्या सात-आठ छाप्यांची किंमत १२८ ते २५६ पट. आले की तुमचे २००.

१८ हा आकडा मी २०० वरूनच उलटा काढलाय, हे कबूल. पण तो ताडून बघता येतो. १८-१९ छाप्यांची शक्यता दहा लाखांत तीनेक. १६०० बार्नला तिने भागलं तर इलेक्ट्रॉन नुसता *अडकण्याचा* काटछेद येतो ५०-६० कोटी बार्न, म्हणजे पाच-सहा चौरस अँगस्ट्रॉम. रेणूच्या आकाराच्या घरातलं.

अर्धा_इलेक्ट्रॉन:
थांबा, मग एच-डीही जमायला हवा. क्षपित वस्तुमान (दोन अणूंच्या एकमेकांसापेक्ष हालचालीत धरायचं वस्तुमान) १/२ ऐवजी २/३, वर्गमूळ काढून वेळ १.१५५ पट. साडेअठराऐवजी सव्वाएकवीस छापे. म्हणजे सातपट कमी. प्रत्यक्षात १६ पट आहे! चुकलं कुठे?

जुना_निर्वातपंप:
गणित बरोबर आहे, नाणंच खोटं आहे. अंतर वाढत जाईल तसं आयनाचं आयुष्य बदलतं, म्हणजे प्रत्येक टप्प्याचं नाणं निराळं. शिवाय सुरुवातीचा तरंग (अणुगर्भ किती अंतरावर सापडतील ते सांगणारा) हलक्या रेणूत जास्त पसरलेला असतो, काही एच-टू आधीच थोडे ताणलेले सापडतात. (क्ष_किरणची शून्यबिंदू ऊर्जा इथे कामाला येते, उंबरठ्यापेक्षा इथेच जास्त.) ताणलेल्या रेणूने काय होतं ते ॲलन आणि वाँग यांनी १९७८ मध्ये दाखवलं: एच-टू चौथ्या कंपनपातळीवर असेल तर काटछेद सुमारे १०,००० पट.

आणि डी-टूचे ते ८ बार्न मोजणं म्हणजे काय, तेही सेमिनारमध्ये सांगा. सिलिंडरमध्ये १ टक्का एच-टू शिरला तर त्याचेच १६ बार्न होतात, खऱ्या संकेताच्या दुप्पट. मी एकदा दोन दिवस सुरेख शिखर नोंदवत बसलो होतो, ते निघालं निर्वातकक्षाच्या भिंतीतून सुटणाऱ्या हायड्रोजनचं. वस्तुमान वेगळं न करता सगळेच ऋण आयन मोजले तर हेच होणार.

क्ष_किरण:
१४ इलेक्ट्रॉन व्होल्टलाही काटछेदाचं शिखर आहे ना? तिथेही २००?

जुना_निर्वातपंप:
नाही, तिथे तफावत फारच सौम्य. पण त्या शिखराची गंमत वेगळी. मुंबईच्या टीआयएफआरमधले (टाटा मूलभूत संशोधन संस्था) कृष्णकुमार आणि प्रभुदेसाई यांनी निगेल मेसन यांच्यासोबत २०१८ मध्ये दाखवलं, की एच-टू दोन्ही बाजूंनी सारखा असूनही ऋण आयन दोन्हीकडे सारखे उडत नाहीत. एकच इलेक्ट्रॉन विरुद्ध समतेच्या (मध्याभोवती उलटवल्यावर एकाचा तरंग तसाच राहतो, दुसऱ्याचं चिन्ह बदलतं) दोन रेझोनन्समधून एकाच वेळी जातो आणि त्यांचं व्यतिकरण होतं, म्हणजे दोन्ही तरंग मिसळून एका बाजूला वाढतात, दुसरीकडे घटतात. डी-टूमध्ये हा कल खूपच कमी दिसतो.

अर्धा_इलेक्ट्रॉन:
सेमिनार २० मिनिटांचा आहे हो! १४ वालं शेवटच्या स्लाइडवर ढकलते. नाणं मात्र खिशात घेऊन जाणार.