भाडेकरूनं सामानाचा विमा काढलाच पाहिजे अशी अट करारात घालावी का? घरमालक म्हणून विचारतोय

शाहूपुरीकर_अण्णा
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरच्या मागं आमचं जुनं घर आहे, वर आम्ही राहतो, खालच्या दोन खोल्या भाड्यानं देतो. पुढच्या महिन्यात नवीन कुटुंब येतंय, अकरा महिन्यांचा करार करायचाय, आणि यावेळी मला त्यात लिहायचंय की भाडेकरूनं स्वतःच्या सामानाचा विमा काढायचा, पॉलिसीची झेरॉक्स मला द्यायची आणि मगच किल्ली. डोक्यात आलं ते पुतण्यामुळं. तो अमेरिकेत टेक्सासला भाड्यानं राहतोय, तिथं करारातच होतं की रेंटर्स इन्शुरन्स दाखवल्याशिवाय ताबा नाही. महिन्याला पंधराएक डॉलर जातात म्हणाला, आणि त्यात त्याचं सामान येतं, त्याच्या चुकीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते येतं, घर राहण्यासारखं नसलं तर दुसरीकडं राहायचा खर्चही येतो.

मला हे का पटलं सांगतो. २०२१ च्या जुलैत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३. आमच्या खालच्या खोल्यांत छातीएवढं पाणी. तेव्हा खाली राहणाऱ्या वहिनी ब्लाऊज शिवायच्या. पाणी उतरल्यावर दार ढकलतोय तर उघडेना, फ्रिज तरंगत येऊन दाराला आडवा पडलेला. मशीनच्या चाकात गाळ गच्च बसलेला, आणि गिऱ्हाइकांचे ब्लाऊजपीस, प्रत्येकाला मापाची चिठ्ठी टाचणीनं लावलेली, सगळे एकमेकांचा रंग लागून एक गोळा. वहिनी पायरीवर बसून एकेक चिठ्ठी सोडवत होत्या, शाई गेलेली तरी कापड बघून कुणाचं कुठलं ते सांगत होत्या. मी दोन महिन्यांचं भाडं सोडलं, त्यापुढं माझी पण पोच नव्हती. माझ्या भिंतींचा विमा होता, त्यांच्या संसाराचा नव्हता. नुसतं "काढा हो" म्हणून कोण काढत नाही, म्हणून सक्ती हवी असं माझं मत. बोला.

भाड्यानं_१४_वर्षं
अण्णा, तुम्ही मनापासून लिहिलंय हे कळतंय, पण सक्तीला माझा ठाम विरोध आहे. घर घेताना आम्ही काय काय देतो बघा, डिपॉझिट, एजंटाचं एक महिन्याचं भाडं, कराराचा खर्च, पोलीस व्हेरिफिकेशनच्या फेऱ्या, सगळं आमच्याकडनं. खरं तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे, ते किती जण पाळतात? आणि त्यावर आता विमा.

माझं ऐका. २०१९ ला आम्ही रमणमळ्याकडं एप्रिलमध्ये राहायला गेलो. भिंतीला नवा कोरा रंग, मला वाटलं मालकांनी घर किती नीट ठेवलंय. ऑगस्टमध्ये पाणी शिरलं, आम्ही पोरांना घेऊन नेसत्या कपड्यांनिशी नणंदेकडं गेलो, आणि परत आल्यावर त्या रंगाचे पापुद्रे सुटलेले आणि खाली आडवी तपकिरी रेघ. २००५ च्या पाण्याची. माझ्या कानाच्या उंचीला. म्हणजे मालकांना माहीत होतं की या खोलीत पाणी कुठवर येतं आणि आम्हाला एक शब्द सांगितला नाही. मग सरकारचे शहरात कुटुंबाला १५ हजार जाहीर झाले तेव्हा पंचनाम्याला आमच्याकडं भाड्याचा कागदच नव्हता, कारण करार तोंडी. ते पैसे मिळवायला जो त्रास झाला तो मी जन्मात विसरणार नाही. तर आधी मालकांनी पाण्याची रेघ दाखवायची सक्ती करा, मग आमच्या विम्याचं बोलू.

पॉलिसीवाला_राजारामपुरी
मी याच धंद्यात आहे म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो, कुणाला काही विकायला आलेलो नाही.

अण्णा, पुतण्याची पॉलिसी चांगली आहे पण अमेरिकेतल्या नेहमीच्या रेंटर्स पॉलिसीत पूर येतच नाही! त्याला फ्लडची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, तिथल्या सरकारी योजनेत भाडेकरूच्या सामानाला १ लाख डॉलरपर्यंत मिळतं. म्हणजे तुम्ही ज्या कारणासाठी अट घालताय तेच कारण त्या पॉलिसीत नाही. आपल्याकडं मात्र उलटं आहे. १ एप्रिल २०२१ पासून इर्डानं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांसाठी भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी आणली, आणि त्यात आग, भूकंप, वादळ, दरड याच्याबरोबर पूरही येतो. भाडेकरू नुसत्या सामानाची घेऊ शकतो, इमारतीची घ्यायची गरज नाही. तीन-चार लाखांच्या सामानाला वर्षाला काहीशे रुपये हप्ता बसतो, महिन्याला नव्हे.

पण काय नाही ते पण ऐका. नुसती घरफोडी यात नाही, चोरी फक्त पूर किंवा आग अशा घटनेनंतर सात दिवसांत झाली तरच धरतात. दागिन्यांना वेगळं कव्हर. वहिनींच्या गिऱ्हाइकांचं कापड घरच्या सामानात धरतील असं गृहीत धरू नका, ते आधीच विचारून घ्यायचं. दारातली मोटारसायकल यात नाही, तिचं तिच्या पॉलिसीत, ते पण नुसतं थर्ड पार्टी असेल तर काही नाही. आणि भाडेकरूच्या चुकीनं मालकाचं घर जळालं तर त्याची भरपाई या पॉलिसीत येत नाही, त्यामुळं ज्या मालकांना वाटतंय की भाडेकरूच्या विम्यानं आपलं घर सुरक्षित झालं त्यांनी तो विचार काढून टाका, घराचा विमा घरमालकानंच काढायचा.

उद्यमनगर_शिफ्ट
हप्ता काहीशे असंल ओ, त्याचं काय न्हाई, एवढं चहाला जातंय महिन्याला. पण अट म्हणजे काय हे भाड्यानं राहणाऱ्यालाच म्हाईत. दुसऱ्या वर्षी मी हप्ता भरायचा विसरलो, की मालकाच्या हातात कारण आलं, "करार मोडलास, खोली सोड" नायतर डिपॉझिटातनं कापणार. आतापर्यंत तीन खोल्या बदलल्या मी, दोन ठिकाणी डिपॉझिट पुरं मिळालं न्हाई, एकानं खिळ्याच्या भोकाचे पैसे कापले. आणि आग लागती कशानं? बहुतेक जुन्या वायरिंगनं. मोठी दुरुस्ती करून घर राहण्याजोगं ठेवायचं काम मालकाचं हाय, तेबी त्याच कायद्यात हाय. माझ्या खोलीत पंखा चालू केला की बोर्डातनं चर्र आवाज येतो, चार वेळा सांगून झालं. तेवढं करत न्हाईत आणि आम्ही विमा काढायचा व्हय?

करारवाला
मी रोज लिव्ह अँड लायसन्सचे करार रजिस्टर करतो. अशी अट लिहिता येते, दोघांनी सही केली की झालं, पण उद्यमनगरच्या भावाचं म्हणणं खोटं नाही. करार अकरा महिन्यांचा, पॉलिसी बारा महिन्यांची, मध्येच खोली बदलली की पॉलिसीवरचा पत्ता जुना राहतो आणि क्लेमच्या वेळी कुणाला आठवत नाही. पत्ता बदलून घेणं महत्त्वाचं.

अजून एक, गॅस. ऑइल कंपन्यांचा अपघात विमा प्रत्येक कनेक्शनला असतोच, ग्राहकाला वेगळे पैसे नाहीत, त्यात मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख आणि मालमत्तेच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत तरतूद आहे. पण मालमत्तेचं ते नोंदवलेल्या पत्त्यावरच. आणि भाडेकरूंच्या घरात बघा, निम्म्यांचा सिलिंडर गावाकडच्या चुलत्याच्या नावावर! नवीन विम्याच्या आधी हे तपासा. नळीवरची तारीख पण बघा, पाच वर्षांनी बदलायची असते.

शाहूपुरीकर_अण्णा
सगळं वाचलं. पुराचं अमेरिकेत नाही हे मला खरंच माहीत नव्हतं, पुतण्याला पण आत्ताच फोन करून सांगितलं.

भाड्यानं_१४_वर्षं ताई, तुमचं रेघेचं वाचून मी खाली जाऊन टेप लावली. आम्ही पण २०२२ ला रंग दिला होता. जिन्याखाली दिला नव्हता, तिथं रेघ आहे अजून, फरशीपासनं ४ फूट ७ इंच. हे मी करारात लिहिणार, कुठल्या साली किती ते पण, आणि खोली बघायला येतील तेव्हा दाखवणार. पण विम्याची अट मी काढत नाही. पहिल्या वर्षाचा हप्ता मी भरतो, पॉलिसी त्यांच्या नावानं. दुसऱ्या वर्षी त्यांनी भरायचा, आणि नाही भरला तर खोली सोडायला लावणार नाही, डिपॉझिटला हात लावणार नाही, हे पण लिहून देतो.

उद्यमनगर_शिफ्ट
मग ती अट कशाला म्हणायची अण्णा, सोडायला लावणार न्हाई तर? तरी तुम्ही लिहून देताय हे चांगलं हाय. बाकीचे मालक नुसती अट उचलणार आणि पुढचं वाक्य गाळणार, माझी भीती तीच हाय, म्हणून माझा विरोध कायम.

भाड्यानं_१४_वर्षं
रेघ दाखवताय त्याबद्दल मनापासून आभार. अजून एक लिहा. विम्यातनं फ्रिज परत येईल, पण कागदपत्रं, पोरांच्या वह्या, माझ्या आईच्या हातची वाकळ, ते येत नाही. २०१९ ला आमच्या मालकांच्या वरच्या जिन्याला कुलूप होतं आणि ते पुण्याला. पाणी अंगणात आलं तेव्हा मी ट्रंक घेऊन त्या कुलपाशी उभी होते. बंधाऱ्याला पाणी इशाऱ्याच्या ३९ फुटांवर गेलं की जिना उघडा, सामान वर ठेवायला जागा द्यायची, हे करारात येऊ दे.

शाहूपुरीकर_अण्णा
जिन्याची एक किल्ली खालीच देतो. वरची पुढची खोली पावसाळ्यात मोकळी ठेवतो, त्यात आत्ता नुसती आमची जुनी गादी आहे. करारवाले दादा, हे सगळं एका पानात बसतंय का सांगा, शनिवारी ते लोक येतायत.