सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स : नावाची फोड

कुजणाऱ्या पालापाचोळ्यात आणि मातीत राहणाऱ्या, जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या या सूत्रकृमीच्या नावाचा अर्थ बहुधा ‘नवी सुंदर काठी’ असा सांगितला जातो. तो चुकीचा नसला, तरी त्यातला एकेक शब्द तपासून पाहण्यासारखा आहे.

पहिला घटक ग्रीक ‘काइनोस’, म्हणजे नवा. लॅटिन लेखनपद्धतीतून आल्यामुळे इंग्रजी वळणाने त्याचा उच्चार ‘सीनो’ होतो. दुसरा घटक ‘ऱ्हाब्डोस’, म्हणजे काठी किंवा छडी. त्यापुढचा ‘-इटिस’ मात्र मराठी वाचकाची हमखास दिशाभूल करतो, कारण आर्थ्रायटिससारख्या शब्दांमुळे तो दाहाचाच प्रत्यय वाटतो. ग्रीकमध्ये त्याचा मूळ अर्थ ‘-संबंधी’ एवढाच आहे आणि दाहाचा अर्थ त्याला वैद्यकातील वापरामुळे चिकटला. या कृमीच्या नावात दाहाचा काहीही संबंध नाही.

‘नवा’ हे विशेषण कृमीला मुळात नव्हतेच. एमिल मोपा यांनी १९०० मध्ये अल्जीरियातील मातीत सापडलेल्या या कृमीचे वर्णन केले, तेव्हा त्याला ऱ्हॅब्डायटिस या प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ठेवले होते. ओशे यांनी १९५२ मध्ये त्या प्रजातीत सीनोऱ्हॅब्डायटिस ही उपप्रजाती केली आणि डॉहर्टी यांनी १९५५ मध्ये तिला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. त्यामुळे शास्त्रीय लेखनात मोपा यांचे नाव व १९०० हे वर्ष कंसात येते. ‘एलेगन्स’ हे जातिनाम तेच राहून प्रजाती बदलली, याची ती खूण आहे.

‘एलेगन्स’ हा शब्द लॅटिन असल्याने संपूर्ण नाव ग्रीक-लॅटिन मिश्रण ठरते. त्याचा संबंध ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूशी असून, निवडक, चोखंदळ या अर्थांवरून तो सुबक, डौलदार या अर्थाकडे सरकला. मराठीत ‘सुंदर’ हा प्रतिशब्द मला अपुरा वाटतो, कारण तो केवळ रूपापुरता आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हा पारदर्शक कृमी नागमोडी लाटा काढत सरकताना पाहिला, की ‘डौलदार’ हाच शब्द मनात येतो, त्यात चालही सामावते.

जाता जाता, नेमॅटोड या शब्दातील ‘नेमा’ म्हणजे ग्रीकमध्ये धागा; आपल्या शेतीविषयक लेखनात रुळलेला ‘सूत्रकृमी’ हा शब्द त्या अर्थाशी तंतोतंत जुळतो.